क्योतो टॉवर आणि त्याच इमारतीतली मिठाईची कार्यशाळा : अर्धा दिवस द्यावा का?

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, नमस्कार. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण जपानला निघालो आहोत : यजमान, मी, सहावीतली मुलगी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांची सारी नोकरी भुसावळला रेल्वेत गेली आणि आता त्यांचे गुडघे जिन्याचे नाव काढू देत नाहीत. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि कोणत्याही अनोळखी पदार्थाची उलटतपासणी घेतल्याशिवाय तो तोंडात घालत नाहीत. अजिंठ्याला जाण्यासाठी जळगाव स्टेशनवर उतरणारे जपानी प्रवासी मी लहानपणापासून पाहत आले आहे; आता उलट्या दिशेने जाण्याची पाळी आमची आहे.

क्योतोमध्ये आमच्या हाती जेमतेम दीड दिवस आहे. सहल आखून देणाऱ्यांनी त्यातील अर्धा दिवस क्योतो टॉवरसाठी ठेवला आहे : वर जाऊन शहर पाहायचे आणि मग त्याच इमारतीत पारंपरिक जपानी मिठाई स्वतःच्या हातांनी करून, चहासोबत खायची. माझ्या मनात तीन शंका आहेत. तोक्योचा स्कायट्री आमच्या कार्यक्रमात आधीच आहे, तर एक मनोरा पाहिल्यावर दुसऱ्यावर चढून वेगळे काय दिसणार? पर्यटकांसाठी बांधलेल्या इमारतीतली कार्यशाळा खरी कला शिकवते, की छायाचित्रापुरती हौस भागवते? आणि सासूबाईंना तिथे केलेला पदार्थ खाता येईल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भुसावळकर

ताई, मी नोकरीनिमित्त तीन वर्षे ओसाकात होतो आणि क्योतोला आलेल्या पाहुण्यांना वर नेण्याचे काम माझ्याकडेच असे, त्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो.

स्कायट्री आणि क्योतो टॉवर यांची तुलना उंचीवरून करू नये, कारण त्यात क्योतो टॉवर आधीच हरलेला आहे. स्कायट्री 634 मीटरचा, हा 131 मीटरचा. स्कायट्रीवरून दिसते ते क्षितिजापर्यंत पसरलेले करडे शहर, ज्यात नवख्या माणसाला एकही इमारत ओळखता येत नाही. क्योतो टॉवरचा सज्जा जमिनीपासून साधारण 100 मीटरवर आहे आणि तेवढ्या उंचीवरून देवळांची छपरे अजून छपरांसारखी दिसतात. उत्तरेला पायाशीच हिगाशी होंगानजी मंदिराचे प्रचंड लाकडी सभागृह, पूर्वेला डोंगराच्या कुशीत कियोमिझु मंदिर, ईशान्येला हिएइ पर्वत आणि नैऋत्येला तोजी मंदिराचा पाचमजली पॅगोडा. तीन बाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागेत हे शहर कसे बसवले आहे आणि त्याचे रस्ते चौकटीच्या कागदासारखे सरळ का आहेत, हे तिथे पाच मिनिटांत उमगते. वर ठेवलेल्या दुर्बिणींना नाणी टाकावी लागत नाहीत, हेही मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचे.

आता खास तुमच्या सासऱ्यांसाठी. टॉवर क्योतो स्टेशनच्या थेट समोर आहे आणि दक्षिणेच्या काचेपाशी उभे राहिले की रुळांचा सगळा पसारा खाली मांडलेला दिसतो. शिंकान्सेन, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेन, येतात, थांबतात, निघून जातात. यार्डाकडे बघत आयुष्य काढलेल्या माणसाला तिथून हलवणे कठीण जाईल, अशी माझी खात्री आहे. त्यांना एवढे जरूर सांगा की तोक्यो ते ओसाका ही पहिली शिंकान्सेन 1 ऑक्टोबर 1964 रोजी धावली आणि हा टॉवर त्याच वर्षी 28 डिसेंबरला लोकांसाठी उघडला. त्या ऑक्टोबरात तोक्यो ऑलिंपिकही झाले. एकाच वर्षाच्या उमेदीतून निघालेल्या या गोष्टी आहेत, आणि टॉवरच्या काचेतून गाडी पाहताना त्यांतल्या दोन एकत्र दिसतात.

वर जाण्यासाठी लिफ्ट आहे. मध्ये एकदा लिफ्ट बदलावी लागते, पण गुडघ्यांची चिंता नको. वेळ मात्र नीट साधा. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात क्योतोला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चारला वर गेलात तर उजेडातले शहर, डोंगरांमागे जाणारा सूर्य आणि दिव्यांचे शहर ही तिन्ही दृश्ये एकाच तिकिटात मिळतील. म्हणून मिठाई आधी आणि मनोरा नंतर, असा क्रम लावून घ्या. तुम्हाला दिलेला क्रम उलटा आहे.

अमळनेरचा_आर्किटेक्ट

भुसावळकर दादांच्या उत्साहाला थोडा लगाम घालण्याची परवानगी असावी. क्योतो टॉवरचा इतिहास इतका सरळ नाही आणि तो माहीत असला तर वर उभे राहताना मजा वाढते.

टॉवर व्हायच्या आधी तोजीचा पॅगोडा हेच क्योतोच्या आकाशरेषेचे माप होते. तो जवळजवळ 55 मीटर उंच आहे, जपानातील सर्वांत उंच लाकडी पॅगोडा तोच, आणि आजची वास्तू 1644 साली पुन्हा उभारलेली आहे. त्याच्या दुपटीहून उंच पांढरा खांब स्टेशनसमोर, जुन्या टपाल कार्यालयाच्या जागेवर उभा राहणार म्हटल्यावर विद्वान, कलावंत आणि सामान्य नागरिक यांच्यात मोठा वाद पेटला. नियमांची वाटही मजेशीर होती. खालची इमारत 31 मीटरची, म्हणजे तेव्हाच्या मर्यादेत बसणारी; वरचे 100 मीटर ‘इमारत’ नव्हेतच, ते छतावर ठेवलेले ‘बांधकाम’! आपल्या नगरपालिकेत असा युक्तिवाद कोणी केला असता तर आपण त्याला काय म्हटले असते, हे सांगायला नको. पुढे 2007 साली क्योतोने शहराच्या मध्यभागातील इमारतींची कमाल उंची 45 मीटरवरून पुन्हा 31 मीटरवर आणली, त्यामुळे असा दुसरा मनोरा तिथे सहजी होणार नाही.

असे असले तरी रचनाकार म्हणून मला हा मनोरा आवडतो, हे कबूल करतो. मामोरु यामादा या वास्तुविशारदाची ही कृती. त्याच वर्षी तोक्योत झालेले निप्पोन बुदोकान हे सभागृहही त्यांचेच. तोक्यो टॉवर किंवा आयफेल टॉवर म्हटले की लोखंडी कैच्यांचा सांगाडा डोळ्यांसमोर येतो, तसा सांगाडा इथे नाहीच. 12 ते 22 मिलिमीटर जाडीचे पोलादी पत्रे वाकवून आणि एकमेकांना वेल्डिंग करून एक पोकळ नळकांडे तयार केले आहे आणि ते कवचच सगळा भार पेलते. आकार दीपगृहाचा आहे. समुद्र नसलेल्या शहराला दीपगृह कशासाठी, असा प्रश्न पडतो. कौलारू घरांची छपरे हाच समुद्र आणि कौलांच्या ओळी म्हणजे लाटा, अशी त्यामागची कल्पना. आज वरून पाहिल्यावर लाटा कमी आणि गच्च्यांवरच्या वातानुकूलन यंत्रांचे खोके जास्त दिसतात, ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे 634 मीटरच्या स्कायट्रीनेही जुन्या पॅगोडाकडूनच धडा घेतला. पॅगोडाच्या मध्यभागी ‘शिन्बाशिरा’ नावाचा खांब असतो, जो भोवतालच्या मजल्यांपासून बराचसा मोकळा राहतो. स्कायट्रीच्या पोटातही 375 मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब आहे आणि भूकंपात तो बाहेरच्या पोलादी मनोऱ्यापेक्षा वेगळ्या तालात हलून एकूण हेलकावे कमी करतो. एरंडोल तालुक्यातील फरकांड्याचे झुलते मनोरे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हलणारा मनोरा म्हणजे धोक्याचाच मनोरा असे वाटणार नाही. मुलीला स्कायट्रीवर नेण्याआधी तोजीचा पॅगोडा दाखवता आला तर ही संगती तिच्या लक्षात राहील.

आता माझा विरोधी सल्ला. वरून शहर पाहणे एवढाच हेतू असेल तर समोरच्या स्टेशनची इमारत फुकट आहे. हिरोशी हारा यांनी रचलेली ही 1997 सालची वास्तू साठ मीटर उंच आहे. तिच्या छतापर्यंत सरकते जिने जातात, आणि छताखालून सुमारे 45 मीटर उंचीवर जाणारा एक काचबंद पूल आहे. त्या पुलावरून क्योतो टॉवर दिसतो, जो टॉवरवरून अर्थातच दिसत नाही. आणि कार्यशाळा करायचीच तर एखाद्या जुन्या मिठाईवाल्याच्या स्वतःच्या दुकानात, त्याच्या भट्टीच्या वासात करावी. टॉवरखालचा ‘सांदो’ हा भाग 2017 साली नव्याने सजवला : तळघरात खानपान, तळमजल्यावर भेटवस्तूंची दुकाने आणि दुसऱ्या मजल्यावर हाताने करून पाहण्याचे उपक्रम. नीटनेटके आहे, पण शेवटी बाजारपेठच आहे.

सुगरण_धुळे

वरच्या दादांशी मी निम्मी सहमत आहे. माझा धुळ्यात घरगुती मिठाई आणि दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे आणि 2018 साली मी याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर ती मिठाई करून आले आहे. (जपानात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे त्यांचा दुसरा म्हणजे आपला पहिला. आम्ही एक मजला जास्त चढून एका बंद दारासमोर दहा मिनिटे उभे होतो.) जाण्याआधी सध्या कोणते उपक्रम सुरू आहेत हे पाहून आगाऊ नोंदणी करा, कारण जागा मोजक्या असतात.

ताई, तुमच्या ‘खरी कला की हौस’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की सगळ्यांत कठीण काम तुमच्यासाठी आधीच कोणीतरी करून ठेवलेले असते. ते काम म्हणजे ‘आन’. आन म्हणजे त्यांचे पुरण. आपण हरभऱ्याची डाळ शिजवतो, ते अझुकी नावाची लहान लाल कडधान्याची बी शिजवतात. आपण गूळ घालतो, ते साखर. आपण वेलची-जायफळ आणि वरून तूप घेतो, ते यांतले काहीही घेत नाहीत. साल काढून, गाळून, पाण्यात निवळून, पुन्हा आटवून ते इतके तलम करतात की जिभेवर कण लागत नाही. पुरण शिजवताना डाव कधी उभा राहतो हे ज्या बाईला कळते, तिला आन करणाऱ्याच्या मेहनतीची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. हे सारे तास-दीड तासाच्या कार्यशाळेत बसणे शक्य नाही, म्हणून तुमच्यासमोर तयार आनाचे गोळे आणि रंगीत लगद्याचे गोळे ठेवलेले असतात.

तो रंगीत लगदा पांढऱ्या घेवड्याच्या आनात चिकट तांदळाची उकड मिसळून करतात, त्याला ‘नेरिकिरी’ म्हणतात. क्योतोत ‘कोनाशी’ हा प्रकारही चालतो. त्यात आनात गव्हाचे पीठ घालून वाफवतात. पहिली पायरी अगदी आपली : पारी करायची, आत सारण ठेवायचे आणि तोंड बंद करायचे. मी मनात म्हटले, पुरणपोळी आणि मोदक करून करून माझे हात तयार झाले आहेत, यात काय मोठेसे! पण पारी सगळीकडे सारखी जाड हवी, तळाशी गाठ राहता कामा नये आणि हाताची ऊब लागून लगदा कोरडा पडायच्या आत काम संपले पाहिजे. शिकवणाऱ्या आजोबांनी माझा गोळा उलटा करून तळाची गाठ दाखवली आणि काही न बोलता नवा गोळा पुढे केला. त्यांना मराठी येत नव्हते, मला जपानी येत नव्हते, पण माझ्या आजीची ती नजर मी ओळखली.

दुसरी पायरी मात्र आपल्याकडे नाही. एका रंगाच्या पारीत दुसऱ्या रंगाचा ठिपका बसवून अंगठ्याने अशा रीतीने पसरवायचा की कोठे एक संपला आणि कोठे दुसरा सुरू झाला ते कळू नये. मग तीन कडांची एक लाकडी पट्टी घेऊन पाकळ्या किंवा पानांच्या शिरा ओढायच्या. एक कड धारदार, एक बोथट आणि एकीने एकदम दोन रेघा उमटतात. आमच्या वेळी शरद ऋतू होता, म्हणून मेपलचे लाल-पिवळे पान आणि शेवंती करायला दिली. ऋतूप्रमाणे आकार बदलतो, जूनमध्ये गेलात तर हायड्रेंजियाच्या फुलांचा निळा-जांभळा गुच्छ मिळेल. माझे पान केळीच्या फाटलेल्या पानासारखे झाले, हे रावेर-यावलकडच्या मंडळींना समजेल. तुमच्या लेकीच्या वयाची एक मुलगी शेजारी बसली होती, तिचे पान माझ्यापेक्षा सुबक झाले.

तिसरा प्रकार कोरडा होता, आणि तो पाहून मी अक्षरशः हसले. साखर आणि तांदळाचे पीठ किंचित ओलसर करून कोरीव लाकडी साच्यात दाबायचे आणि साचा उलटा करून ठोकायचा. होळीला आपल्याकडे साखरेचे हार-कंगन लाकडी साच्यात करतात, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद. फरक एवढाच की आपण पाक ओततो आणि ते कोरडे मिश्रण दाबतात.

शेवटी आपण केलेल्यांपैकी एक नग तिथेच ‘माच्चा’सोबत, म्हणजे हिरव्या चहाची पूड गरम पाण्यात घुसळून केलेल्या चहासोबत, खायचा. मिठाई आधी संपवायची आणि मग चहा प्यायचा. गोडावर घोट घेत राहायची आपली सवय तिथे आवरावी लागते, कारण त्या चहात साखर नसते आणि तोंडातल्या गोडव्यावरच तो कडूपणा रुचतो. बांबूच्या एकाच तुकड्याला चिरत चिरत केलेली घुसळणी देतात, तिला ‘चासेन’ म्हणतात. मी ती रवीसारखी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायला लागले. ती मनगटाने पुढे-मागे, भरभर चालवायची असते, फिरवायची नसते. उरलेले नग डब्यात देतात, पण ते त्याच दिवशी खाऊन टाका. जळगावपर्यंत आणण्याचा मोह नको.

सासूबाईंसाठी : या मिठाईत कांदा-लसणाचा प्रश्नच नाही आणि दूध-तूपही बहुधा नसते. घट्टपणा आणायला ‘कांतेन’ वापरतात, ते समुद्री शेवाळापासून होते. तरी काही पदार्थांत जिलेटिन असू शकते, म्हणून ‘झेराचिन?’ एवढा एक शब्द विचारावा. जैन मंडळींनी आणखी एक शब्द पाठ करावा : ‘यामाइमो’. कारण काही ठिकाणी नेरिकिरीला मऊपणा यावा म्हणून एक कंद किसून घालतात. खरी अडचण मिठाईत नाही, जेवणात आहे. भाज्यांच्या साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही ‘दाशि’ नावाचे पाणी असते, ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या कापांचे असते, आणि भाजीत मासा दिसला नाही म्हणून ती शाकाहारी ठरत नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासऱ्यांना भुसावळकर दादांचा मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘मंदिरे तुम्ही बघा, मला दक्षिणेच्या काचेजवळ एक खुर्ची मिळते का ते विचारा.’ सासूबाईंनी ‘यामाइमो’ आणि ‘झेराचिन’ हे शब्द देवघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहेत. एक लहान शंका राहिली : आमच्या यादीत मिठाईऐवजी जपानी पंखा रंगवण्याचा पर्यायही आहे आणि मुलीला चित्रकलेची आवड आहे. तो घ्यावा का? आणि वाटेत खायला घरची केळी नेली तर चालतील का?

भुसावळकर

केळी मुळीच नेऊ नका. वनस्पती-आरोग्याच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय ताजी फळे जपानात नेता येत नाहीत. विमानतळावर ती टाकून द्यावी लागतील आणि आपल्या केळीचा तो शेवट तुम्हाला बघवणार नाही. शेव आणि खाकरे खुशाल न्या, घटकांची नावे छापलेली बंद पाकिटे असली म्हणजे विचारणा झाली तरी उत्तर देणे सोपे जाते.

सासऱ्यांच्या नावाने आणखी एक सुचवतो. क्योतो स्टेशनपासून लोकल गाडीने एकाच स्थानकावर, उमेकोजी येथे, 2016 साली सुरू झालेले रेल्वे संग्रहालय आहे. तिथे 1914 सालचे पंख्याच्या आकाराचे इंजिनघर आणि त्यात वाफेची इंजिने उभी आहेत. भुसावळचे लोको शेड ज्याने पाहिले आहे त्याला ही जागा दाखवायलाच हवी. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यासाठी ठेवा.

सुगरण_धुळे

पंख्याबद्दल सावध करते. बऱ्याच ठिकाणी तुम्ही रंगवता तो सपाट कागद असतो. त्याच्या घड्या घालून बांबूच्या काड्या बसवण्याचे काम नंतर कारागीर करतात आणि तयार पंखा काही आठवड्यांनी टपालाने येतो. परदेशी पाठवतात का आणि त्याचा खर्च किती, हे आधी विचारल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर मुलगी रोज पोस्टमनची वाट पाहत बसेल. लगेच हातात पडणारे रंगकाम हवे असेल तर ‘युझेन’ पद्धतीचे पहा. त्यात कापडावर साचे ठेवून, ब्रशने एकेक रंग भरत रुमाल किंवा पिशवी तयार करतात आणि ती त्याच दिवशी सोबत नेता येते.

अमळनेरचा_आर्किटेक्ट

तुमच्या घरातील माणसांची यादी वाचल्यावर मी माझा विरोधी सल्ला निम्मा मागे घेतो. गुडघे दुखणारे सासरे, चौकशी करणाऱ्या सासूबाई आणि सहावीतली मुलगी यांना घेऊन जुन्या गल्लीतले दुकान शोधत फिरण्यापेक्षा स्टेशनसमोर, एकाच छपराखाली, लिफ्टच्या आधाराने दोन्ही गोष्टी होणे शहाणपणाचे आहे. कमी करायचेच असेल तर स्कायट्री कमी करा. तोक्योत उंचावरून पाहायचे असेल तर शिंजुकूमधील महानगर शासनाच्या इमारतीचा 45वा मजला 202 मीटरवर आहे आणि तिथे तिकीट लागत नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

घरात बसून ठरले ते कळवते. दुपारी दोनला मिठाई, चारला मनोरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उमेकोजी. स्कायट्री कमी करण्यावर मुलीने नकाराधिकार वापरला, त्यामुळे तो राहणारच आहे. मात्र त्याआधी तोजीचा पॅगोडा पाहायचा, ही अट तिने मान्य केली. सहल आखणाऱ्यांना क्रम उलटा करण्याविषयी आज लिहिले आहे. सासूबाईंनी काल रात्री चवळीचे पुरण साखरेत शिजवून, तूप-वेलची न घालता, गाळून पाहिले. चव त्यांना पटली नाही, पण पारीच्या तळाची गाठ मात्र त्यांनी एकदाही दिसू दिली नाही.